बसचे प्राधान्य आणि पादचाऱ्याचा जीव, दोन्ही थांब्यावर आणि चौकातच ठरतात

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: शहरातील बारा किलोमीटरच्या एका मुख्य रस्त्यावर बससाठी राखीव मार्गिका करावी, अशी मागणी आपल्या प्रवासी गटाने महापालिकेकडे केली. त्यावर पुण्याच्या बीआरटीचा, म्हणजे बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या मधोमध असलेल्या राखीव बसमार्गाचा, दाखला देऊन आपल्याला सांगण्यात आले की, वाट मोकळी मिळाली की बस सुसाट धावतात आणि पादचाऱ्यांचे जीव जातात, तेव्हा आधी सुरक्षिततेचे पाहू आणि प्राधान्याचे नंतर बघू. या दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात का, आणि येत असतील तर सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे.

शहरातील रस्ते, चौक आणि बसथांबे यांच्या आखणीत मी वीस वर्षांहून अधिक काळ काम केले आहे आणि त्या अनुभवावरून माझे मत स्पष्ट आहे. या दोहोंतून एकाची निवड करण्याची वेळ येते ती आखणी चुकल्यामुळे. बसचा वेळ मुख्यतः सिग्नलला आणि थांब्यावर वाया जातो, आणि बसशी संबंधित बहुतेक अपघात याच दोन जागी किंवा त्यांच्या आसपासच्या पन्नासेक मीटरमध्ये घडतात. त्यामुळे तेवढी जागा नीट केली तर दोन्ही कामे एकदमच होतात, आणि ती तशीच सोडून मधल्या सरळ रस्त्यावर कितीही रंग आणि दुभाजक घातले तरी एकही काम होत नाही.

आधी जीव कोणाचे जातात ते पाहू. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण मृत्युमुखी पडले. त्यांत दुचाकीवरचे ७४,८९७ आणि पादचारी ३२,८२५ होते. बसमध्ये बसलेल्या माणसांचा वाटा त्या मानाने फारच लहान आहे. म्हणजे बसच्या आत असेपर्यंत प्रवासी बऱ्यापैकी सुरक्षित असतो. धोका सुरू होतो तो पायरी उतरल्यावर. बसचा प्रत्येक प्रवासी हा प्रवासाच्या दोन्ही टोकांना पादचारी असतो, ही साधी गोष्ट आपल्याकडच्या बहुतेक आराखड्यांत मुळी विचारातच घेतलेली नसते.

यातूनच आपल्याला ऐकवल्या गेलेल्या आक्षेपाचे उत्तर मिळते. थांबे रस्त्याच्या कडेला असतील तर घराजवळचा थांबा जाताना आपल्या बाजूला असतो आणि येताना तो पलीकडे असतोच. कामाच्या ठिकाणीही तेच. म्हणजे दिवसाला दोनदा पूर्ण रस्ता ओलांडणे कोणालाही चुकत नाही. थांबे रस्त्याच्या मधोमध असतील तर दिवसाला चार वेळा, पण प्रत्येक वेळी अर्धाच रस्ता ओलांडावा लागतो. एकूण ओलांडलेले अंतर जवळपास तेवढेच राहते. मधोमध असलेला थांबा केवळ मध्ये आहे म्हणून जीवघेणा ठरत नाही. त्या अर्ध्या रस्त्यावर सिग्नल, उंचावलेला झेब्रा क्रॉसिंगचा पट्टा आणि थांबायला जागा दिली, तर तो कडेच्या थांब्यापेक्षा सुरक्षितही होऊ शकतो. हे काहीही न देता प्रवाशाला मध्ये नेऊन सोडले, तर मात्र तो जीवघेणा होतोच.

पुण्यात पहिल्या टप्प्यात नेमके हेच झाले. डिसेंबर २००६ मध्ये सातारा रस्त्यावर स्वारगेट ते कात्रज आणि सोलापूर रस्त्यावर हडपसरच्या दिशेने प्रायोगिक मार्ग सुरू झाला, तेव्हा पीएमटी आणि पीसीएमटी या पुणे व पिंपरी-चिंचवडच्या दोन वेगळ्या बससेवांचे विलीनीकरणही झालेले नव्हते. पीएमपीएमएल ही एकत्रित बस कंपनी अस्तित्वात आली ती २००७ मध्ये. मार्गिका आधी झाली आणि थांब्यापर्यंत सुरक्षित पोहोचण्याची व्यवस्था मागाहून, तुकड्या-तुकड्यांनी होत राहिली. शिवाय मार्गिका सलग नव्हती. जेथे कोंडी सर्वांत जास्त तेथेच ती संपायची आणि बस पुन्हा सर्वांच्या गर्दीत शिरायची. पुढे २०१५ मध्ये संगमवाडी ते विश्रांतवाडी आणि औंध ते रावेत हे ‘रेनबो’ मार्ग सुरू झाले, तेव्हा फलाटाच्या उंचीची बंदिस्त स्थानके, प्रवेशावर वॉर्डन, प्रवाशांना आधीपासून माहिती अशी बरीच सुधारणा झालेली होती, आणि फरक बसने जाणाऱ्या माणसाला जाणवत होता. त्यानंतर नगर रस्त्यावरील मार्गिकेचा भाग काढून टाकण्यात आला, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण जे काम सुधारायचे होते ते मोडून टाकले गेले. दिल्लीतही २००८ मध्ये सुरू झालेला आंबेडकर नगर ते मूलचंद हा सुमारे पाच-सहा किलोमीटरचा मार्ग २०१६ मध्ये उखडण्यात आला. तेथील मोठ्या चौकांत सिग्नलचे टप्पे, म्हणजे एकेका दिशेला आळीपाळीने मिळणाऱ्या हिरव्याच्या पाळ्या, इतके वाढले होते की बसही अडकायची आणि मोटारीही.

आता मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगते. एका शहरात मधोमध असलेल्या थांब्यापासून झेब्रा क्रॉसिंग जवळजवळ दीडशे मीटरवर ठेवले होते, कारण वाहतूक अडू नये, असे संबंधित अभियंत्यांचे म्हणणे होते. लोकांनी मधूनच ओलांडू नये म्हणून तेथे लोखंडी रेलिंग बसवले. काही महिन्यांनी मी पाहणीला गेले तेव्हा थांब्याच्या अगदी समोर रेलिंगचे दोन उभे गज बाहेरच्या बाजूला वाकवलेले होते, आणि आडव्या पट्टीवरचा पिवळा रंग हाताच्या पकडीएवढ्या जागेत पूर्ण निघून लोखंड चकचकीत झाले होते. त्या फटीतून साडी सावरत, एका हाताने मुलाला ओढत एक बाई बाहेर पडल्या आणि समोरून येणाऱ्या दुचाकींना हात दाखवत धावत पलीकडे गेल्या. त्या जागी पट्टा हवा होता, हे लोकांनी गज वाकवून सांगितले होते. पुढील आठवड्यात गज सरळ करून वेल्डिंग केले गेले. तुमच्या रस्त्यावर असे वाकलेले गज, दुभाजकाचे फोडलेले कठडे आणि हिरवळीतून पडलेल्या पायवाटा कोठे आहेत याची नोंद करा. क्रॉसिंग कोठे हवे याचा तो सर्वांत खात्रीचा नकाशा असतो.

आता सिग्नल. बसच्या प्राधान्यात सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम येथे आहे, म्हणून हिशेब मांडूनच सांगते. समजा, चौकातील सिग्नलचे एक चक्र १२० सेकंदांचे आहे आणि बसच्या दिशेला ४० सेकंद हिरवा मिळतो. म्हणजे ८० सेकंद लाल. कधीही येणाऱ्या तीन बसपैकी दोन लालमध्ये सापडणार आणि सापडलेली बस सरासरी ४० सेकंद थांबणार; सर्व बसची सरासरी काढली तर प्रत्येकीचे साधारण २७ सेकंद गेले. बारा किलोमीटरमध्ये असे २० सिग्नल धरले तर रांगेत अडकलेला वेळ न मोजताही नऊ मिनिटे होतात. आता तेच चक्र ८० सेकंदांचे केले आणि हिरव्या-लालचे प्रमाण तेच ठेवले, तर सरासरी थांबणे १८ सेकंदांवर येते आणि २० सिग्नलला सहा मिनिटे लागतात. एकही वीट न हलवता तीन मिनिटे वाचली.

यात बसपेक्षाही मोठा लाभ पादचाऱ्याचा आहे. लाल दिव्यासमोर सव्वा मिनिट उभे राहायला सांगितले तर माणूस वाट पाहत नाही, फट दिसली की निघतो. आणि तो निघतो तेव्हा समोरून येणाऱ्या वाहनाला हिरवा असतो. चक्र लहान झाले की थांबण्याचा वेळ आटोक्यात येतो आणि लोक सिग्नल पाळू लागतात, हे मी अनेक चौकांत पाहिले आहे. अर्थात याला एक अट आहे. प्रत्येक टप्पा बदलताना चार-पाच सेकंद कोणालाच उपयोगी पडत नाहीत; चार टप्प्यांचे चक्र लहान केले तर हा वाया जाणारा वाटा वाढतो आणि चौकाची क्षमता घटते. म्हणून चक्र लहान करायचे तर एखादा टप्पा काढावा लागतो, म्हणजे बहुधा एका बाजूचे उजवे वळण बंद करून ते पुढच्या चौकातून फिरवावे लागते. वाहतूक पोलीस आणि व्यापारी यांच्याशी खरी चर्चा या एका मुद्द्यावर होणार आहे, त्याची तयारी करून जा.

त्यानंतर येते बस ओळखून हिरवा दिवा लांबवण्याची व्यवस्था. बसमध्ये जीपीएस असतेच. बस जवळ आली असेल तर हिरवा फक्त दहा सेकंद लांबवायचा, एवढेच करायचे. १२० सेकंदांच्या चक्रात साधारण बारा बसपैकी एकच या दहा सेकंदांत सापडते, पण सापडते तिची तब्बल सव्वा मिनिटाची खोटी वाचते; सरासरी सहा सेकंद, म्हणजे २० सिग्नलला दोन मिनिटे. या दोन्ही उपायांची फळे पूर्णपणे एकत्र मिळत नाहीत, तरी एका फेरीत चार मिनिटे आणि जाऊन-येऊन आठ मिनिटे वाचणे अशक्य नाही. दर आठ मिनिटांनी बस असलेल्या मार्गावर याचा अर्थ असा की तेवढ्याच वारंवारितेसाठी एक बस कमी लागते. नवी बस खरेदी न करता मिळालेली ही बस आहे, आणि हे वाक्य आयुक्तांसमोर अवश्य बोला. मात्र बससाठी सेकंद काढताना ते पादचाऱ्याच्या वाट्यातून कधीही काढू नयेत. २४ मीटर रुंद रस्ता धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर या वेगाने वीस सेकंदांत ओलांडतो; गुडघे दुखणाऱ्या आजींना तीस लागतात. मध्ये उभे राहायला दोन मीटर रुंद सुरक्षित जागा असेल, तर तेच काम दोन तुकड्यांत होते.

“बस वेगाने धावतात” या आक्षेपालाही याच हिशेबाने उत्तर देता येते. क्रॉसिंगच्या आधी-नंतरच्या मिळून पन्नास मीटरमध्ये बसने ताशी ५० ऐवजी ३० किलोमीटर वेग ठेवला तर तिचे अडीच सेकंद जातात, ब्रेक आणि पुन्हा वेग घेणे धरून फार तर पाच-सहा. एका सिग्नलवर वाचलेल्या वेळेत असे एखाद-दोन पट्टे सहज बसतात. म्हणून सिग्नल नसलेल्या प्रत्येक ठिकाणी उंचावलेले क्रॉसिंग राखीव मार्गिकेवरूनही सलग न्यावे, असा आग्रह धरा. बसचा वेळ थांबण्यात जातो. वेग मर्यादित ठेवूनही ती आजच्यापेक्षा लवकर पोहोचते.

आता थांबा. आपल्याकडे रस्ता रुंद केला की बससाठी फुटपाथात खाच काढण्याची पद्धत आहे. मोटारींना वाट मोकळी राहावी हा त्यामागचा हेतू. संध्याकाळी सहाच्या सुमारास अशा एखाद्या खाचेपाशी अर्धा तास उभे राहून पाहा. खाचेत दोन रिक्षा आणि एक टेम्पो उभा असतो. बस आत शिरू शकत नाही, म्हणून ती तिरकी, मागचा भाग रस्त्यात ठेवून थांबते. फुटपाथवर उभे असलेले प्रवासी खाली उतरून बसच्या दाराकडे धावतात, आणि बस व फुटपाथ यांच्यामधून, डावीकडून, एक दुचाकी हॉर्न वाजवत निघते. दारात पाय ठेवलेल्या माणसाच्या पाठीला तिचा आरसा घासून जातो. बस आत शिरलीच तर बाहेर पडायला तिला कोणी वाट देत नाही. चालक उजवा इंडिकेटर लावून पंधरा-वीस वाहने जाऊ देतो आणि मग नाक पुढे घालतो, तेव्हा त्याचे सारे लक्ष उजव्या आरशात असते आणि बसच्या पुढून ओलांडणारा प्रवासी त्याला दिसत नाही.

याला उपाय उलटा आहे: खाच बुजवावी आणि थांब्यापुरता फुटपाथ पार्किंगच्या पट्ट्याएवढा पुढे आणावा, म्हणजे बस आपल्या मार्गिकेतच सरळ थांबते. डावीकडून घुसायला जागा उरत नाही, प्रवासी फुटपाथवरूनच चढतो, आणि बसला पुन्हा वाट मागावी लागत नाही. मागची वाहने काही सेकंद थांबतात, हे खरे आहे. पन्नास माणसांसाठी ते थांबणे रास्त आहे असे मी मानते. थांबा शक्यतो सिग्नल ओलांडल्यावर असावा. तेथे हिरवा लांबवण्याचा उपयोग होतो, आणि क्रॉसिंग बसच्या मागे राहत असल्याने उतरलेला माणूस बसच्या पुढून न जाता मागून जातो, जेथून येणारे वाहन त्याला दिसते. मात्र एका वेळी किती बस येतात ते मोजून तेवढी लांबी ठेवावी, अन्यथा मागची बस चौकातच अडकेल.

मार्गिका कडेला की मधोमध, हा वाद आपल्या बैठकीत सर्वांत जास्त वेळ खाईल. त्याला जास्त वेळ देऊ नका. डावीकडे वळणारी वाहने, दुकाने, रिक्षा आणि पार्किंग जेथे फार, तेथे कडेची मार्गिका टिकत नाही. चौक दूरदूर आणि रस्ता रुंद असेल तर मध्य बरा.

चालक आणि गाडी यांचा विचार मात्र सविस्तर करायला हवा, कारण तो बहुतेक वेळा अपघातानंतरच होतो. बारा मीटर लांबीची बस डावीकडे वळते तेव्हा मागचे चाक पुढच्या चाकापेक्षा बरेच आतून जाते. तुमच्या चौकातील कोपऱ्याच्या दगडाचे तुटलेले टवके आणि त्यावरचे टायरचे काळे ओरखडे हीच गोष्ट सांगतात. त्या पोकळीत थांबलेला दुचाकीस्वार चालकाच्या आरशात नसतो. कोपऱ्याची गोलाई, थांबरेषा आणि दुचाकींची जागा ठरवताना बसचे वळण प्रत्यक्ष गाडी नेऊन तपासा. ९ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत कुर्ला पश्चिमेला विजेवर चालणारी बस गर्दीत शिरून अनेकांचा मृत्यू झाला, तेव्हा क्लच आणि गिअर नसलेली गाडी हाती देण्यापूर्वी चालकाला किती सराव मिळतो, हा प्रश्न सर्वांसमोर आला. विजेवरची बस जागेवरून झटकन वेग घेते आणि तिचा आवाजही कमी असतो. डिझेलच्या बसवर पंधरा वर्षे घालवलेल्या चालकालाही ती नव्याने शिकावी लागते.

आणि वेळापत्रक. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ नुसार चालकाच्या कामाची मर्यादा दिवसाला आठ तास होती आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आवश्यक होती. पण फेरीला दिलेला वेळच दहा वर्षांपूर्वीच्या रहदारीचा असेल, तर ही विश्रांती कागदावर राहते. शेवटच्या थांब्यावर पोहोचताच चालक पाणी न पिता परत निघतो. प्रति किलोमीटर मोबदला आणि चुकलेल्या फेरीला दंड, अशा करारांत तर घाई करण्याचा दबाव ठेकेदाराकडून थेट चालकाच्या पायापर्यंत येतो. सिग्नलवर वाचलेली मिनिटे सगळीच्या सगळी वेळापत्रकातून कापू नका. त्यांतली काही शेवटच्या थांब्यावर चालकाला द्या. माझ्या मते एवढ्या खर्चात सुरक्षिततेसाठी याहून चांगले काही करता येणार नाही.

कायद्याविषयी थोडक्यात. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११५ खाली ठरावीक रस्त्यावर ठरावीक वाहनांना बंदी घालण्याची अधिसूचना काढता येते. ती नसेल तर रंगवलेल्या मार्गिकेतील चलन टिकत नाही. २०१९ च्या सुधारणेने रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाड्यांना वाट न देणाऱ्यास दंड आला. बसला असे संरक्षण नाही. जर्मनीत मात्र थांब्यावरून निघणाऱ्या नियमित बसला वाट देणे, गरज पडल्यास थांबणे, हे इतर वाहनांवर बंधनकारक आहे, आणि असा नियम आपल्याकडेही यावा यासाठी मी दीर्घ काळ आग्रह धरत आले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-अ मुळे प्रमाणित डॅशबोर्ड कॅमेऱ्यांचे चित्रण चलनासाठी वापरता येते. बसच्या काचेमागे लावलेला असा कॅमेरा प्रत्येक प्रवेशावर वॉर्डन उभा करण्यापेक्षा स्वस्त पडतो.

शेवटचा आक्षेप तुम्हाला नक्की ऐकायला मिळेल: “मार्गिका रिकामीच दिसते.” दर मिनिटाला एक बस, ताशी २० किलोमीटर वेग, असे धरले तर दोन बसमध्ये ३३३ मीटर अंतर राहते. त्यामुळे शेजारच्या कोंडीत उभ्या असलेल्या माणसाला ती बहुतेक वेळ मोकळीच दिसणार, आणि तरीही प्रत्येक बसमध्ये ५० प्रवासी असतील तर तासाला ३,००० माणसे तेथून जातात. हा आकडा बोलून पटत नाही. सकाळी नऊ ते दहा या वेळेत दोन कार्यकर्ते उभे करून प्रत्येक पट्ट्यातून वाहने किती आणि माणसे किती गेली ते मोजा, आणि त्याच दिवशी तुमच्या सर्वांत गर्दीच्या तीन थांब्यांवर बस आल्यापासून निघेपर्यंतचे सेकंद, रस्त्यावर उतरून चढणारे प्रवासी आणि बसच्या पुढून ओलांडणारे प्रवासी यांची नोंद करा. बारा किलोमीटरच्या मागणीआधी हे तीन थांबे आणि त्यांना लागून असलेले चौक सहा महिन्यांत दुरुस्त करून द्या, अशी मागणी करा. आणि काम झाल्यावर त्याच वेळेला, त्याच जागी उभे राहून पुन्हा मोजा.